नांदेडचं इथं लागत नाही

सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने आपले गुडघे सांभाळावेत, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. मी त्या वर्षी पॉडकास्ट काढला. नांदेडला अर्धापूर रस्त्याला आमचं घर आहे. मी तिथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि फळ्यासमोर सोडून आयुष्यात कुठे बोललेली नाही. पण एकदा डोक्यात काही शिरलं की मला दम निघत नाही. दूध तापायला ठेवलं तरी मी भांड्याशेजारी उभी राहून त्याला घाई करते.

हे सगळं सुरू झालं आईच्या फोनवरून. आई चाकूरजवळच्या आमच्या गावात माझ्या धाकट्या भावाकडे राहते. रोज संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो. ती 'हॅलो' म्हणत नाही. मी फोन कानाला लावेपर्यंत तिचं पहिलं वाक्य अर्ध्यावर आलेलं असतं. कुणाची गाय व्याली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाच्या जीपमधून फिरला, नव्या सुनेने पहिल्या दिवशी भाकरी कशी थापली, आणि या सगळ्यावर आईचा निकाल. ती निकाल दिल्याशिवाय फोन ठेवत नाही. एकदा मी स्पीकर चालू ठेवला होता. नवरा जेवत होता. तो ऐकता ऐकता इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "हे लोकांनी ऐकायला पाहिजे." तो सहज बोलून गेला, पण मी मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की तुझं बोलणं रेकॉर्ड करून त्याचा पॉडकास्ट करणार आहे.

"ते आन काय आसतंय?"

"रेडिओसारखं गं. लोक आपापल्या फोनवर ऐकतात."

"कर की मग. मी काय, बोलणारच हाय."

'रेडिओसारखं' म्हणून मी मोकळी झाले. समजावत बसायला माझ्याकडे वेळ कुठे होता? मला माइक मागवायचा होता.

माइक आला. त्याच्यासोबत एक स्टँड आला आणि त्याचं काय करायचं हे आजही आम्हाला कळलेलं नाही. आईचं बोलणं फोनवर रेकॉर्ड व्हायचं, पण सुरुवातीची आणि मधली निवेदनं मला घरी करायची होती, आणि आमच्या घरासमोरून केळीच्या गाड्या जातात. अर्धापूरच्या केळीचं मला कौतुक आहे, पण त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना वळणावर हॉर्न वाजवल्याशिवाय वळताच येत नाही असं दिसतं. शेवटी आतल्या खोलीत दोन दोऱ्या बांधून त्यांवर चार गोधड्या टाकल्या आणि त्यांच्या आत मी खुर्ची टाकून बसले. पंखा बंद, कुकर बंद, नवऱ्याचं खोकणं बंद. "नमस्कार, मी नांदेडहून बोलतेय" हे एवढं वाक्य मी किती वेळा म्हटलं याचा हिशेब नवऱ्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवला होता. मला त्या रेघा दिसल्यावर आमचं थोडं वाजलं.

पॉडकास्टचं नाव 'आईचा फोन'. पहिला भाग येळवशीवर करायचा हे माझं आधीच ठरलेलं होतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूरकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात. ज्वारीच्या कडब्याची कोपी उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील प्यायची आणि भज्जी खायची. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि रानात मिळेल ती पालेभाजी बेसनात शिजवलेली असते, आणि ती वर्षातून त्याच दिवशी खरी लागते. नांदेडला लग्न करून आल्यापासून शेजारणींना मी हे दरवर्षी समजावून सांगते आणि त्या दरवर्षी विचारतात, "मग भजी तळता कधी?"

आई त्या फोनवर फार छान बोलली. आंबील किती दिवस आंबवायची, आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन चालताना मागे का बघायचं नाही, सगळं. पंधरा-सोळा मिनिटं झाली होती आणि मी आता फोन ठेवणार, तेवढ्यात ती आपणहून डब्यावर आली.

हा डबा आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी वडिलांची आणि काकांची वाटणी झाली. ती गोडीने झाली. वडील असेपर्यंत दोघे भाऊ एका पानाचा विडा अर्धा अर्धा खायचे. शेताच्या मधोमध बांध पडला एवढंच. त्या वर्षीच्या येळवशीला बांधाच्या दोन्ही बाजूंना दोन कोप्या झाल्या. काकूने आपल्या हातच्या भज्जीचा डबा बांधावरून आईकडे पाठवला. आईने तो झाकणही न काढता परत पाठवला. तेव्हापासून दोघी जावा बोलत नाहीत. एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकाच मांडवात हळद लावतात, एकमेकींच्या नातवंडांना कडेवर घेतात, पण शब्द नाही. काकू म्हणते, माझ्या हातचं अन्न न बघता परत केलं. आणि आई यावर कधी काही म्हणत नव्हती. दुनियेच्या प्रत्येक गोष्टीवर निकाल देणारी माझी आई या एका गोष्टीवर गप्प होती.

त्या फोनवर ती म्हणाली, "खरं सांगू का बाई, त्यो डबा मी उघडला हुता. चुलीमागं जाऊन दोन घास खाल्ले, परत झाकण लावलं आन दिला धाडून. तसली भज्जी मला जल्मात जमली न्हाई. तीळ कुटून टाकती का काय करती, कुणाला ठावं. लई जिवाला लागलं माझ्या. इतकी वर्सं मीच घरात थोरली, मीच सगळ्यांना शिकिवणार, आन हिच्या हाताला ही चव. त्या रागात परत धाडला."

मी ओट्याला टेकून उभी होते. रसायनशास्त्राच्या बाईला माहीत असतं की काही पदार्थ अकरा वर्षं बाटलीत राहिले तर बाटली सांभाळून उघडावी लागते. पण मला त्या क्षणी काळजी वाटली नाही, हे कबूल करते. मला आनंद झाला. इतकं खरं बोलणं माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आलं होतं.

तरी मी विचारलं. चार दिवसांनी मुद्दाम फोन करून विचारलं, "आई, ते डब्याचं ठेवू का काढून टाकू?" ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "नांदेडात कोण ऐकतंय? ठेव की." मी त्यातलं 'ठेव की' तेवढं घेतलं आणि फोन ठेवला.

मग ते अपलोड करणं. ज्या अ‍ॅपवर पॉडकास्ट टाकायचा त्याने इतके प्रश्न विचारले की लग्न जमवतानाही माझ्या सासरच्यांनी विचारले नव्हते. चौकोनी चित्र पाहिजे, तेही अमुक मापाचं. भावाने आईच्या हातांचा, शेंगा सोलतानाचा फोटो पाठवला, तो बसवला. प्रकार निवडा. यादीत गुन्हेगारी होती, व्यापार होता, अध्यात्म होतं, आईचं बोलणं कशातच बसत नव्हतं. मी 'समाज आणि संस्कृती' निवडलं. मग विचारलं, यात आक्षेपार्ह भाषा आहे का? आई त्या भागात शेजारच्या बैलाला तीनदा 'मुडद्या' म्हणाली आहे. नवऱ्याशी चर्चा केली. तो म्हणाला, बैलाचा आक्षेप येणार नाही. मी 'नाही'वर खूण केली.

दोन दिवस पडद्यावर 'तपासणी सुरू आहे' असं दिसत होतं. त्या दोन दिवसांत मी वर्गात एक समीकरण उलटं लिहिलं आणि मुलांनी ते निमूट उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत 'मंजूर' आलं. मी स्टाफरूममध्ये टाळी वाजवली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आईचं बोलणं आता जगात जाणार होतं, तिच्या स्वतःच्या बोलीत, कुणी इस्त्री न केलेलं. मी पाण्याची बाटली काढून पूर्ण संपवली.

आता दिवस आणि वेळ निवडायची होती. मी येळवशीचा दिवस निवडला, सकाळी सहा. आपल्या हुशारीवर खूश झाले. त्या दिवशी लातूरकडे सगळ्यांना सुट्टी, दुकानं बंद, सगळे नातेवाईक एका ठिकाणी. आदल्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर मोठा मेसेज टाकला, चार फुलांसकट.

येळवशीला आम्ही पहाटे नांदेडहून गाडीने निघालो. सहा वाजता लोह्याच्या अलीकडे होतो. नवरा गाडी चालवत होता आणि मी पडदा बोटाने खाली ओढत होते, सोडत होते, परत ओढत होते. आणि एका ओढीला ते आलं. आईचे हात, शेंगा, आणि खाली 'आईचा फोन'. मी बटण दाबलं. गाडीभर आईचा आवाज झाला, नेहमीसारखा वाक्याच्या मधूनच. मला रडू आलं. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून पहिली पाच मिनिटं ऐकली. ती पाठ असूनही मी परत हसले.

ऐकणाऱ्यांचा आकडा होता एक. तो मी. मग नवऱ्याच्या फोनवर लावलं, दोन झाले. अहमदपूर आलं तरी दोनच. मी ग्रुप उघडला. माझ्या मेसेजवर कुणाचा अंगठासुद्धा नाही. मला राग यायला लागला. एकेकाला मनात झापत मी खिडकीबाहेर बघितलं, आणि बाहेर सगळं दिसत होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये बायका, पोरं, पातेली. कुणाच्या डोक्यावर जेवणाच्या टोपलीचा हारा, कुणाच्या डोक्यावर बिंदगं. घरांना कुलपं. सगळा लातूर जिल्हा शेताकडे चालला होता, आणि आमच्याकडच्या शेतांत फोनला रेंज नसते. मी याच मातीत वाढले, लहानपणापासून हाच दिवस पाहिला, आणि पॉडकास्ट प्रकाशित करायला वर्षातला नेमका तो दिवस शोधून काढला होता जेव्हा ऐकायला घरी कुणीच नसतं. मी कपाळावर हात मारला. नवरा गालात हसत होता. मी त्याला सांगितलं की रस्त्याकडे लक्ष दे.

शेतात पोचलो तर भाऊ ट्रॅक्टरवर चढून काहीतरी वायर जोडत होता. आमच्याकडे ट्रॅक्टरला स्पीकर असतो आणि तो नांगरापेक्षा जास्त चालतो.

"ताई, फिकीर करू नको," तो वरूनच म्हणाला. "सकाळी घरीच डाऊनलोड करून घेतलाव. जेवणं झाली की लावतो. सगळ्या शिवाराला ऐकू जातंय का न्हाई बघ."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आकडा मरू दे, मला अख्खं शिवार मिळत होतं. मी त्याला खाली उतरवून त्याच्या पाठीत धपाटा घातला, लहानपणी घालायची तसा. मग धावत कोपीत गेले. आई पूजेची तयारी करत होती. तिच्याजवळ बसून मी श्वास न घेता सगळं सांगितलं: मंजुरी आली, लोह्याजवळ ऐकलं, आवाज किती स्वच्छ आलाय. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मग बांधापलीकडे बघितलं. तिकडच्या कोपीत काकू पाठमोरी बसून पातेल्यात पळी फिरवत होती.

"बरं हाय बाई," आई हळू आवाजात म्हणाली, "तुझं नांदेडचं हितं लागत न्हाई. न्हाईतर हिच्या कानावर गेलं आसतं."

मला समजायला जरा वेळ लागला. आईच्या लेखी रेडिओ म्हणजे केंद्र आलं. एका गावाचं केंद्र दुसऱ्या गावात खरखरतं आणि त्याच्या पुढे लागतच नाही. आयुष्यभर तिने रेडिओ तसाच ऐकला होता.

"आई, ते लागतं."

"कुठं लागतंय?"

"सगळीकडे."

"लातुरात?"

"हो."

"पुण्याला?"

"हो."

"मावशीचा धाकला दुबईला हाय न्हव का, तिथं?"

"तिथंही, आई."

तिच्या हातात हळदीची वाटी होती. ती तिने खाली ठेवली. "आन बांधाच्या पलीकडं?"

मी मान हलवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने सांडलेली हळद बोटाने गोळा केली. मग म्हणाली, "आता म्हणत्याल, थोरल्या जावेनं चोरून खाल्लं आन वर तोरा मिरिवला. एवढ्या वर्सांत मी कुणाच्या घरचा गुळाचा खडा उचलला न्हाई." तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघू शकले नाही. चार दिवसांनी मुद्दाम फोन करून विचारलं, याचा मला अभिमान होता. पण तिने काय समजून हो म्हटलं, हे मी विचारलं नव्हतं.

मी विहिरीकडे पळाले. तिथल्या कठड्यावर उभं राहिलं तर कधीकधी एक काडी रेंज मिळते. भाग काढून टाकायचं बटण सापडलं, दाबलं, आणि गोल चक्र फिरत राहिलं. पाच मिनिटं मी कठड्यावर हात उंच करून उभी होते. खालून जाणारे लोक मला नमस्कार करत होते, मला वाटतं त्यांना मी सूर्याची पूजा करतेय असं वाटलं. काही झालं नाही. मग भावाला गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने डोकं खाजवलं.

"डब्याचं कितव्या मिनिटाला हाय?"

"अठराव्या."

"मग सतराव्याला बंद करतो. बाकीचं तर ऐकू दे लोकांला."

मला हे पटलं. खरं तर मला पटवून घ्यायचंच होतं.

पूजा झाली. पुरुषमंडळी 'ओलगे ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत कोपीभोवती आंबील शिंपडत पळाली. काका आधी त्यांच्या कोपीभोवती पळाले आणि मग आमच्याही, दरवर्षीसारखे. जेवणं सुरू झाली. येळवशीला वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात, त्यामुळे आमच्या कोपीपुढे तीन पंगती उठल्या. आई वाढत होती, पण बोलत नव्हती. मग भाऊ ट्रॅक्टरवर चढला.

पहिल्यांदा स्पीकर कर्कश ओरडला. मग माझा आवाज आला, "नमस्कार, मी नांदेडहून बोलतेय," आणि तो मला अजिबात आवडला नाही, कारण तो गोधडीतून आल्यासारखाच होता. पण लगेच आई आली. उघड्या रानात आईचा तो आवाज, वाक्याच्या मधूनच. आसपासच्या कोप्यांमधून माना वळल्या. हातात ताटं घेऊन लोक बांधाबांधाने यायला लागले. शेजारच्या बैलाला पहिल्यांदा 'मुडद्या' म्हटल्यावर त्या बैलाचा मालक स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला. एक म्हातारे गृहस्थ ट्रॅक्टरकडे तोंड करून प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होते, आणि आई त्यांच्या शेजारी चार हातांवर बसलेली होती. तिने पदर तोंडाला लावला होता, पण डोळे हसायला लागले होते. मी काय सांगू? माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आकडा दोन होता आणि माझ्यासमोर सगळं गाव आईला ऐकत होतं. मधेच कुणीतरी हसण्यात बोलणं बुडवलं की बाकीचे त्याला गप्प करत होते.

पलीकडे काकू आता पाठमोरी नव्हती. ती पळी हातात धरून इकडे बघत होती.

सतरावं मिनिट आलं. भावाने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली.

भावाला ऐकू आलं की नाही म्हणून ती उठून उभी राहिली आणि परत म्हणाली, "राहू दे. चालू दे."

त्याने हात मागे घेतला. आणि मग ते आलं. डबा उघडला होता, चुलीमागं जाऊन दोन घास खाल्ले. कुणी हसलं नाही. ते म्हातारे गृहस्थही 'व्हय' म्हणायचे थांबले. तसली भज्जी मला जल्मात जमली न्हाई. आई उभीच होती, सगळ्यांच्या मधोमध, मान वर करून. तिचा पदर तोंडावर नव्हता. लई जिवाला लागलं माझ्या. त्या रागात परत धाडला, असं स्पीकर म्हणाला आणि भाग संपला.

पलीकडे पळी पातेल्यात पडल्याचा आवाज झाला. काकू उठली, पदर खोचला आणि बांध ओलांडून तरातरा आली. ती बारीक चणीची आहे आणि रागात असली की अजून बारीक दिसते. आईकडे तिने बघितलंही नाही. थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तीळ म्हणं," काकू म्हणाली. "मी भज्जीत तीळ कवा टाकले? सगळ्या दुनियेला खोटं सांगितलंस व्हय गं? लाव तुझं ते यंत्र. मी सांगते."

मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. काकूने घसा साफ केला आणि एकदम मोठ्या आवाजात, जणू लांबच्या माणसाला हाक मारतेय अशी, बोलायला लागली. संध्याकाळी हरभऱ्याच्या झाडांवर पातळ फडकं अंथरायचं. रात्री दव पडतं, पाल्याचं आंबट पाणी, म्हणजे आंब, त्या फडक्यात उतरतं. तांबडं फुटायच्या आत जाऊन ते पिळायचं आणि ती आंब बाटलीत धरायची. भज्जी उतरवताना एक पळी टाकायची. चिंच नाही, ताक नाही, आणि तीळ तर नाहीच.

"ते फडकं?" आई मला म्हणाली. "हिच्या रानात दरसाली बघतेय मी. मला वाटायचं पाखरं हाकलायला लावलंय." आणि वर, "पर इचार तिला, एवढी आंब पोटात गेल्यावर पोट बिघडत न्हाई का?"

"तिला म्हणाव," काकू मलाच म्हणाली, "चुलीमागं खाल्ली तवा बिघडलं हुतं का?"

आधी काका हसले. मग भाऊ. मग सगळी पंगत. आईने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण आवरलं नाही, आणि ती हसत हसत खालीच बसली. काकू हसली नाही. पण परतही गेली नाही. कुणीतरी तिला ताट वाढलं. तिने आईची भज्जी खाल्ली, मीठ बरोबर आहे असं मला सांगितलं, आणि त्यापुढे काही निकाल दिला नाही.

ऊन उतरायला लागलं. लोक आपापल्या शेताकडे गेले. भाऊ पातेली ट्रॉलीत चढवत होता. आई चुलीजवळ बसून राहिलेली आंबील फडक्याने बांधत होती. काकू माझ्याजवळ आली आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "त्यातलं मघाचं परत लाव की. सगळं न्हाई. जमली न्हाई म्हणती ना, तेवढंच."

ती फाइल माझ्या फोनमध्ये होती. मी नेमकी जागा शोधली आणि फोन तिच्या कानाला लावला. ती मातीकडे बघत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत." मी परत लावलं. तिने फोन माझ्या हातातून घेऊन स्वतःच कानाशी घट्ट धरला. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा चुलीजवळून आईचा आवाज आला.

"त्यात काय ऐकायलीस गं," आई म्हणाली. "मी हितं बसलीय की. इकडं ये, मी सांगते."